बाग कोणाची? चीनमधल्या एका मोफत प्रवेशाचा इतिहास



या व्याख्यानासाठी मी 'बाग' हा विषय सुचवला, तेव्हा संयोजकांनी अगदी आदबीने विचारलं, "सर, यात इतिहास तो काय असणार?" प्रश्न रास्त आहे. इतिहास म्हटलं की आपल्याला लढाया, तह, क्रांत्या आठवतात. बागेत माणसं फिरायला जातात, शेंगा खातात, घरी येतात. पण कधी कधी इतिहास दाराशी उभा राहिला की जास्त स्पष्ट दिसतो. कोणाला आत सोडलं आणि कोणाला परत पाठवलं, एवढं पाहिलं तरी एका समाजाची बरीच ओळख पटते.

चीनमधल्या शांघाय शहरात हुआंगपू नावाची एक बाग आहे. सूजौ नावाची लहान नदी जिथे हुआंगपू नदीला मिळते, अगदी त्या कोपऱ्यावर. बाग छोटी आहे, रमतगमत गेलात तरी थोड्या वेळात फिरून होते. आज तिथे तिकीटखिडकी नाही. तुम्ही चालत चालत आत जाता, नदीवरचं वारं खाता, पलीकडच्या काठावरच्या उंच इमारतींचे फोटो काढता आणि बाहेर पडता. कोणी विचारत नाही, कोण तुम्ही. आणि याच बागेत असं सहज चालत जाता यावं म्हणून चिनी माणसाला, त्याच्या स्वतःच्या देशात, साठ वर्षं थांबावं लागलं. साठ वर्षांनी दार उघडलं, तेव्हा दाराशी तिकीट आलं. तिकीट गेलं ते त्यानंतर अनेक दशकांनी.

तेव्हा आज आपण तीन प्रश्न विचारणार आहोत. बागेत कोणाला जाता येतं? जायला पैसे पडतात का? आणि आत गेल्यावर काय करता येतं? मला ही एकामागून एक लागणारी तीन दारं वाटतात. पहिलं उघडलं म्हणजे दुसरं उघडतंच असं नाही. दुसरं उघडलं म्हणून तिसरं उघडेल, याचीही खात्री नाही.

सुरुवात जरा मागून करू. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, तेव्हा मला मेन्शियसकडे जाणं भाग आहे. चिनी लोक त्याला मंगझी म्हणतात. कन्फ्यूशियसच्या परंपरेतला हा मोठा विचारवंत, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला. त्याच्या नावाच्या ग्रंथात एक संवाद आहे, तो माझ्या शब्दांत सांगतो.

ची राज्याचा राजा श्वान मेन्शियसला विचारतो, "पूर्वीच्या वन राजाची बाग सत्तर ली लांबरुंद होती म्हणतात, खरं का?" ली हे चिनी अंतराचं माप, अर्ध्या किलोमीटरहून थोडं कमी धरा. मेन्शियस म्हणतो, तशी नोंद आहे खरी. राजा म्हणतो, "एवढी मोठी?" मेन्शियस सांगतो, लोकांना ती लहान वाटायची. मग राजाची खरी तक्रार बाहेर येते. माझी बाग तर फक्त चाळीस ली आहे, तरी लोकांना ती मोठी वाटते, हे कसं?

मेन्शियसच्या उत्तराचा आशय असा: वन राजाच्या बागेत गवत कापणारे जायचे, लाकूडफाटा गोळा करणारे जायचे, ससे आणि रानपक्षी पकडणारे जायचे. राजा ती बाग प्रजेबरोबर वापरायचा. त्यामुळे लोकांना वाटायचं, अजून थोडी मोठी असती तर बरं. आणि महाराज, तुमच्या राज्याच्या सीमेवर आलो तेव्हा इथे कशाला बंदी आहे ते मी आधी विचारून घेतलं. कळलं असं की तुमच्या बागेतलं हरीण मारलं तर माणूस मारल्याइतकीच शिक्षा होते. म्हणजे तुम्ही राज्याच्या मध्यावर चाळीस ली लांबीरुंदीचा एक खड्डा खणून ठेवला आहे, माणसं पकडायला. लोकांना तो मोठा वाटला तर नवल काय?

बघा, बागेचं क्षेत्रफळ मोजायची किती वेगळी रीत आहे ही. आपण म्हणू, बाग किती एकर? मेन्शियस म्हणतो, बागेत कोण जातं आणि तिथे काय करू शकतं ते सांगा, मग मी ती मोठी की लहान ते सांगतो. आजच्या सगळ्या व्याख्यानात ही मोजपट्टी आपल्या हातात राहू द्या.

आता एक शब्द. बागेला चिनी भाषेत 'गोंगयुआन' म्हणतात. 'युआन' म्हणजे बाग. 'गोंग' या अक्षराचा प्रवास मात्र मजेशीर आहे. प्राचीन काळी हे अक्षर सरदारासाठी, उमरावासाठी वापरलं जायचं. मग सरकारी, दरबारी असा अर्थ आला. त्याच अक्षराला 'सगळ्यांचं, सामाईक' हाही अर्थ चिकटलेला होता. म्हणजे 'मालकाचं' आणि 'सर्वांचं' हे दोन्ही अर्थ एकाच अक्षरात नांदतात. आपल्याकडे 'सरकारी' आणि 'सार्वजनिक' या दोन शब्दांत आपण जी गल्लत करतो, ती तिथे एका अक्षरातच भरून राहिलेली आहे असं समजा. जुन्या चिनी ग्रंथांत 'गोंगयुआन' हा शब्द सरकारी मालकीच्या बागेसाठी आलेला आहे. सर्वांसाठी असलेली नगरबाग, हा आजचा अर्थ रुळला तो जपानमार्गे. जपानी सरकारने १८७३ मध्ये फर्मान काढून सार्वजनिक बागांची सोय केली, टोकियोची उएनो बाग त्यातलीच. तिथे याच दोन अक्षरांचा उच्चार 'कोएन' असा होता. तो नवा अर्थ घेऊन शब्द चीनमध्ये परतला.

शब्द परतेपर्यंत शांघायमध्ये बाग मात्र होऊन गेलेली होती.

पहिल्या अफू युद्धानंतर, १८४२ च्या नानजिंगच्या तहाने शांघाय बंदर परकीय व्यापाराला खुलं झालं. ब्रिटिश आणि इतर परकीयांची वस्ती तिथे उभी राहिली. तिला पुढे आंतरराष्ट्रीय वसाहत म्हणू लागले. तिचा कारभार पाहायला एक नगरपरिषद होती, आणि तीत परकीयच बसत. नदीकाठच्या रस्त्याला नाव पडलं 'बंड'. हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून तिकडे नेला, मूळ आपला बंद, बांध. पुण्याच्या बंड गार्डनमधला जो बंड आहे, तोच हा शब्द. आणि तिकडे शब्दच फक्त गेला असं नाही. मुंबईतून अफूची जहाजं चीनकडे जात होती. ज्यांच्या नावाचं हॉस्पिटल पुण्यात आणि गोदी मुंबईत आहे, त्या ससून घराण्याची मोठी कमाई या व्यापारातली. डेव्हिड ससून यांचे पणतू व्हिक्टर ससून यांनी १९२९ मध्ये याच बंडवर उभारलेली इमारत आजही दिमाखात उभी आहे. आपल्या बागेपासून ती चालत काही मिनिटांवर. हे आडवळण घेतलं, कारण या कहाणीत आपण निव्वळ प्रेक्षक नाही, एवढं लक्षात असू द्यावं.

तर ब्रिटिश वकिलातीसमोर गाळ साचून जमीन तयार झाली होती. तिच्यात भर घालून नगरपरिषदेने बाग केली. १८६८ च्या ऑगस्टमध्ये ती उघडली. नाव काय दिलं? पब्लिक गार्डन. सार्वजनिक बाग! हिरवळ, फुलझाडं, बसायला बाकं, बँड वाजवायला चबुतरा. आणि चिनी लोकांना प्रवेश नाही. अपवाद होता नोकरांचा. गोऱ्या मुलांना सांभाळणारी आया आत जाऊ शकत होती. शिकलेला, प्रतिष्ठित चिनी व्यापारी मात्र बाहेर. थोडक्यात, चिनी माणूस बागेत येऊ शकत होता, पण दुसऱ्याचं काम करायला.

यात अन्याय कुठे होता, हे त्या काळच्या चिनी नागरिकांनी फार नेमकेपणाने मांडलं. १८८० च्या दशकात शांघायच्या प्रतिष्ठित चिनी रहिवाशांनी नगरपरिषदेला पत्रं लिहिली. आम्ही कर भरतो, आमच्या करातून बाग चालते, मग आम्हाला मज्जाव का? हा युक्तिवाद वंशाचा नाही, राष्ट्राचाही नाही. हा करदात्याचा युक्तिवाद आहे, नगरवासी म्हणून केलेला. पुढे १९२५ च्या सुमारास या वसाहतीत परकीय होते सुमारे ३० हजार आणि चिनी होते आठ लाखांहून अधिक. कराचा मोठा वाटा चिनी लोकच भरत होते. आणि नगरपरिषदेत चिनी सदस्य? एकही नाही.

नगरपरिषदेने तोडगा काय काढला? १८९० मध्ये सूजौ नदीच्या काठाने, जवळच, चिनी लोकांसाठी वेगळी बाग करून दिली. तुमची तुम्हाला, आमची आम्हाला. बाग मिळाली, पण मूळ प्रश्न तसाच राहिला. लोकांचं म्हणणं 'आम्हाला झाडं हवीत' असं नव्हतंच. 'सार्वजनिक' म्हणता, त्यात आम्ही येतो की नाही, ते सांगा, असं होतं.

आता त्या प्रसिद्ध पाटीकडे येऊ. 'कुत्र्यांना आणि चिनी लोकांना प्रवेश नाही', अशी पाटी या बागेच्या दारावर होती, असं तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. ब्रूस लीच्या १९७२ च्या 'फिस्ट ऑफ फ्युरी' या चित्रपटात तो ही पाटी लाथेने फोडतो. आणि तिथे बागेच्या दाराशी त्याला अडवणारा पहारेकरी कोण आहे? एक शीख. म्हणजे आपलाच माणूस.

ही पाटी खरोखर होती का? रॉबर्ट बिकर्स आणि जेफ्री वॉसरस्ट्रॉम या दोन इतिहासकारांनी १९९५ मध्ये या प्रश्नाचा बारकाईने छडा लावला. त्यांना जे दिसलं ते असं: दारावर नियमांचा फलक होता आणि तो वेळोवेळी बदलत गेला. त्यात बाग परकीयांसाठी राखीव असल्याचा एक नियम होता. कुत्री आणि सायकली आत आणू नयेत, असा दुसरा नियम होता. दोन वेगळी कलमं. एका ओळीत जोडलेल्या त्या शब्दांच्या पाटीला भक्कम पुरावा नाही.

यावर दोन तऱ्हेचे लोक खूश होतात. एक म्हणतात, बघा, सगळा राष्ट्रवादी अपप्रचार होता! दुसरे म्हणतात, पुरावा मागणंच अपमानास्पद आहे. मला वाटतं, दोघांचीही घाई होते. पाटीचे शब्द तसे नसतील, पण बंदी होती, लेखी होती, आणि साठ वर्षं होती. लोकांनी दोन कलमं एकत्र वाचली, कारण अपमान सोसणारा माणूस नियम क्रमांकाने वाचत नाही. एकाच फलकावर आपण आणि कुत्रं, दोघांना मनाई, एवढंच त्याला दिसतं. इतिहासकाराने दोन्ही गोष्टी सांगाव्यात: फलकावर काय लिहिलं होतं ते, आणि लोकांनी त्यात काय वाचलं तेही. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच घडलेली आहे.

मग दार उघडलं कसं? विनंतीपत्रांनी नव्हे, हे खेदाने सांगावं लागतं. ३० मे १९२५ रोजी शांघायच्या नानजिंग रस्त्यावर निदर्शकांवर पोलिसांनी गोळीबार केला. हुकूम ब्रिटिश अधिकाऱ्याचा, बंदुका शीख आणि चिनी शिपायांच्या हातात. माणसं मेली. देशभर संप आणि बहिष्कार उसळले. त्यानंतरच्या दोन वर्षांत राष्ट्रवादी फौजा दक्षिणेतून वर सरकत शांघायपर्यंत आल्या. वसाहतीतल्या परकीयांना वारं कळलं. १९२८ मध्ये नगरपरिषदेत प्रथमच तीन चिनी सदस्य आले, आणि १ जून १९२८ पासून बागा चिनी लोकांना खुल्या झाल्या. त्याच वेळी प्रवेशाला तिकीट लागलं.

म्हणजे पहिलं दार उघडलं आणि त्याच चौकटीत दुसरं बसवलं. आता 'तू कोण आहेस' असं कोणी विचारत नव्हतं. 'तुझ्या खिशात काय आहे' असं विचारत होते. प्रवेश कोणाला, या प्रश्नाला वंश हे उत्तर मिळेनासं झालं की पैसा हे उत्तर किती सहज पुढे येतं!

या दुसऱ्या दाराची कहाणी समजून घ्यायला आपण शांघाय सोडून बीजिंगला जाऊ. कारण कोणी म्हणेल, परकीयांनी केलं ते परकीय म्हणून केलं. बीजिंगमध्ये बाग चिनी लोकांनीच केली, चिनी लोकांसाठी.

थिएनआनमन दरवाजाच्या बाजूलाच, पश्चिमेकडे, भूमी आणि धान्य यांच्या देवतांची वेदी आहे. मिंग राजवटीत, १४२१ च्या सुमारास बांधलेली. चौकोनी ओट्यावर पाच रंगांची माती: मधे पिवळी, पूर्वेला हिरवट-निळी, दक्षिणेला तांबडी, पश्चिमेला पांढरी, उत्तरेला काळी. साऱ्या साम्राज्याची माती तिथे गोळा केली आहे, असा भाव. सम्राट तिथे विधी करायचा. सामान्य माणसाला आत डोकावणंसुद्धा शक्य नव्हतं. १९१२ मध्ये शेवटच्या सम्राटाने सिंहासन सोडलं. गणराज्याचे गृहमंत्री जू छीछ्यान यांनी पुढाकार घेतला, वर्गणी जमवली, आणि १० ऑक्टोबर १९१४ रोजी, म्हणजे क्रांतीच्या वर्धापनदिनी, हीच जागा बाग म्हणून लोकांना खुली केली. नाव मध्यवर्ती बाग. १९२५ मध्ये सुन यत-सेन यांचं पार्थिव तिथे ठेवलं गेलं, आणि १९२८ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ बागेचं नाव झालं चोंगशान बाग. आजही तेच आहे.

केवढा मोठा बदल आहे हा! जिथे फक्त सम्राट पाय ठेवायचा, तिथे आता कारकून आणि विद्यार्थी चहा पिऊ लागले. तिथल्या एका चहाघरात जानेवारी १९२१ मध्ये आधुनिक चिनी साहित्यातली एक महत्त्वाची साहित्यसंस्था स्थापन झाली. थोर लेखक लू शुन १९२६ च्या उन्हाळ्यात याच बागेत बसून मित्राबरोबर एका डच कादंबरीचा अनुवाद करत होते.

पण या बागेलाही तिकीट होतं. प्राध्यापकाला, वकिलाला ते काहीच नव्हतं. रिक्षा ओढणाऱ्याला होतं. तो गिऱ्हाईकाला दारापर्यंत आणून सोडायचा आणि बाहेर वाट पाहायचा. शांघायची आया आठवा: ती आत जाऊ शकत होती, पण नोकर म्हणून. हा रिक्षावाला कायद्याने आत जाऊ शकत होता, पण जात नव्हता. बंदीची पाटी इथे कोणी लावली नव्हती. तिकिटाने ते काम बिनबोभाट केलं.

याच बागेत एक दगडी कमान आहे, तीही बघण्यासारखी. १९०० च्या बॉक्सर उठावात बीजिंगच्या रस्त्यात जर्मन राजदूत मारला गेला. त्याचं प्रायश्चित्त म्हणून चिनी सरकारला ती कमान रस्त्यावर उभारावी लागली, म्हणजे मूळचं ते अपमानाचं स्मारक. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला, चीन विजेत्यांच्या बाजूला होता. मग कमान उचलून बागेत आणली आणि तिच्यावर न्यायाचा विजय झाल्याची अक्षरं कोरली. १९५० च्या दशकात ती अक्षरं जाऊन शांततेच्या रक्षणाची अक्षरं आली. कमान तीच, दगड तेच, मजकूर तीन वेळा वेगळा. सार्वजनिक जागेत काय लिहायचं, हे प्रत्येक वेळी सत्तेवर असणाऱ्याने ठरवलं. तिसऱ्या दाराकडे जाताना ही कमान आपल्याला उपयोगी पडेल.

१९४९ नंतरचा भाग मी भराभर सांगतो. शांघायच्या मधोमध परकीयांचं रेसकोर्स होतं. त्याच्या एका भागात १९५२ मध्ये जनता उद्यान झालं. नाव बदललं, मालक बदलले, पण तिकीट पुढेही बराच काळ राहिलं. ते नाममात्र असायचं, तरी कुंपण, दार आणि वेळापत्रक होतंच. चिनी बागेला भिंत असते, हे जुन्या राजवाड्यांपासून आलेलं वळण सहजासहजी सुटलं नाही.

लोकांनी मात्र आपली सोय कुठेही पाहिली. १९७० च्या दशकात शांघायमध्ये घरांची इतकी टंचाई होती की एका खोलीत अख्खं कुटुंब राहायचं. प्रेमात पडलेल्या तरुणतरुणींनी जायचं कुठे? हुआंगपू बागेपासून निघणारी बंडची जी पूरभिंत आहे, तिला टेकून संध्याकाळी शेकडो जोडपी उभी राहायची. नदीकडे तोंड, शहराकडे पाठ, शेजारच्या जोडप्याशी खांद्याला खांदा लागलेला. लोक तिला 'प्रेमिकांची भिंत' म्हणत. एकांत गर्दीत शोधायचा, आणि शेजाऱ्याने ऐकू आलं तरी ऐकलं नाही असं धरायचं, हा त्या भिंतीचा अलिखित नियम होता. जनता उद्यानात त्याच सुमारास इंग्रजीचा कोपरा सुरू झाला. इंग्रजी शिकू पाहणारे लोक जमायचे आणि अनोळखी माणसाशी मोडकंतोडकं बोलायचे. हे कोणा खात्याने आखलेलं नव्हतं.

आता तिकीट कसं गेलं ते पाहू. या बाबतीत हांगचौ शहराचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथलं पश्चिम सरोवर हजार वर्षं चित्रकारांचं लाडकं. २००२ मध्ये शहराने सरोवराभोवतीच्या बागांची तिकिटं बंद करायला सुरुवात केली. हिशोब साधा होता: तिकीट गेलं तर माणूस जास्त दिवस राहील, जेवेल, मुक्काम करेल, शहराला पैसा दुसऱ्या वाटेने मिळेल. २०११ मध्ये हे सरोवर जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तरी काठावर फिरणं मोफतच राहिलं. त्याच दशकात शांघाय, बीजिंग आणि इतर शहरांतल्या बहुतेक नगरबागा मोफत झाल्या. बीजिंगची प्रसिद्ध जांभळ्या बांबूंची बाग २००६ मध्ये मोफत झाली. अलीकडे शांघायमध्ये काही बागांच्या भिंतीही काढल्या गेल्या आहेत, काही रात्रभर उघड्या असतात.

अशा एखाद्या बागेत सकाळी गेलात तर काय दिसतं? शांघायमधली लू शुन बाग घ्या. एके काळी हीही परकीयांचीच, चिनी लोकांना १९२८ मध्ये खुली झालेली. १९५६ मध्ये लू शुन यांची समाधी इथे हलवली. सकाळी तिथे एका बाजूला थाय-ची चालू असतं, दुसरीकडे कोणी लाकडी तलवार फिरवत असतं. झाडाच्या फांदीला पक्ष्यांचे पिंजरे टांगून मालक गप्पा मारत बसतात. एखादे आजोबा हातभर लांबीचा कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर सुंदर अक्षरं काढतात. पहिली ओळ वाळून जाईपर्यंत शेवटची लिहून होते. कोपऱ्यात शंभरेक माणसं जमून जुनी गाणी खड्या आवाजात म्हणतात. श्रोते नसतात, सगळेच गायक. आणि जनता उद्यानात शनिवार-रविवारी आईबाप उघड्या छत्र्या जमिनीवर मांडून बसतात. छत्रीवर कागद चिकटवलेला: मुलगी, जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, घर आहे की नाही. हा वधूवरांचा बाजार २००४-०५ च्या सुमारास आपोआप सुरू झाला. ज्यांच्या लग्नाची चर्चा चालू असते, ती मुलं मात्र तिथे क्वचितच असतात!

हे सगळं मोफत आहे म्हणून आहे. तिकीट असतं तर माणूस 'पैसे वसूल' करायला एकदा आला असता. रोज येणारा माणूस मोफत बागेतच घडतो, आणि रोज येणाऱ्यांमुळेच बाग सार्वजनिक होते. पाहुणा बाग बघतो, रोज येणारा ती वापरतो. मेन्शियसचे गवत कापणारे आठवा. ते काही राजाच्या बागेचं सौंदर्य पाहायला जात नव्हते.

पण आता तिसरं दार. आत गेल्यावर काय करता येतं?

१९७८ च्या अखेरीस बीजिंगमध्ये शीदान इथल्या एका भिंतीवर लोक आपली मतं कागदावर लिहून चिकटवू लागले. तिला 'लोकशाहीची भिंत' म्हणू लागले. वर्षभराने, डिसेंबर १९७९ मध्ये, सरकारने तिथे कागद लावायला बंदी केली. सांगितलं, लावायचे असतील तर चंद्रवेदी बागेत लावा, आणि आधी नाव, पत्ता नोंदवा. वर्दळीच्या रस्त्यावरून मतं उचलून बागेत नेली. लवकरच तीही बंद झाली.

दुसरा प्रसंग २००८ च्या ऑलिंपिकचा. जगाचं लक्ष होतं, म्हणून सरकारने जाहीर केलं की बीजिंगमधल्या तीन बागांत निदर्शनं करता येतील. त्यातली एक ही जांभळ्या बांबूंची बाग, दुसरी सूर्यवेदी बाग, तिसरी जागतिक उद्यान. अट एकच, आधी पोलिसांकडे अर्ज करून परवानगी घ्यायची. सरकारी वृत्तसंस्थेनेच आकडा दिला: ७७ अर्ज आले. परवानगी मिळाली किती? एकही नाही. बहुतेक अर्ज मागे घेतले गेले असं सांगण्यात आलं. घर पाडल्याबद्दल अर्ज करणाऱ्या, सत्तरी उलटलेल्या दोन आज्यांना एक वर्षाच्या 'श्रमाद्वारे पुनर्शिक्षणा'चा आदेश मिळाला. जगभर बातमी झाली, मग तो मागे घेतला गेला.

त्या वेळी जांभळ्या बांबूंच्या बागेत प्रवेश मोफत होता. कोणालाही आत जाता येत होतं. थाय-ची करा, गा, नाचा, होड्या वल्हवा. फक्त 'माझं घर पाडलं' एवढं वाक्य कागदावर लिहून धरता येत नव्हतं. आपल्या मराठीत 'मोफत' आणि 'मुक्त' हे शब्द कानाला जवळचे वाटतात, पण त्यांचं मूळ एक नाही आणि अर्थही एक नाही. मोफत म्हणजे पैसे न घेता मिळालेलं. मुक्त म्हणजे बंधनातून सुटलेलं. बाग मोफत होते तेव्हा सरकारने काहीतरी दिलेलं असतं. बाग मुक्त होते तेव्हा लोकांकडे काहीतरी असतं, जे कोणी दिलेलं नसतं आणि म्हणून कोणी काढूनही घेऊ शकत नाही.

मग निष्कर्ष काय, की ती बाग म्हणजे निव्वळ देखावा? असं म्हणणं मला पटत नाही. जो विद्यार्थी इंग्रजीच्या कोपऱ्यात अनोळखी माणसाशी बोलला, जी आई छत्रीशेजारी बसून दुसऱ्या आईला आपली काळजी सांगते, ते काही छोटं नाही. अनोळखी माणसांनी एकमेकांना वागवायला शिकणं, हा सार्वजनिकतेचा पहिला धडा आहे. तो सोपाही नाही. संध्याकाळी मोकळ्या जागांत बायका ध्वनिवर्धक लावून सामूहिक नाच करतात. आजूबाजूच्या इमारतींतले लोक वैतागतात, भांडणं होतात. २०२२ मध्ये लागू झालेल्या ध्वनिप्रदूषणाच्या कायद्यात त्यासाठी तरतूद करावी लागली. म्हणजे लोक आणि सत्ता एवढाच प्रश्न नाही. लोक आणि लोक असाही प्रश्न आहे. एकाची मोकळीक दुसऱ्याची झोपमोड होते, आणि त्यातून मार्ग काढायला दोघांनी बोलावं लागतं. बोलण्याची सवय अशाच किरकोळ भांडणांतून लागते. म्हणून तर मला तिसऱ्या दाराची इतकी काळजी वाटते. ज्या जागेत लोक आवाजाच्या पातळीवर वाद घालू शकतात, पण पाडलेल्या घराविषयी बोलू शकत नाहीत, तिथे सार्वजनिकतेचा धडा अर्ध्यावर थांबलेला असतो.

शेवटी पुन्हा हुआंगपू बाग. १९९० च्या दशकात तिथे जनतेच्या वीरांचं स्मारक उभारलं: साठ मीटर उंच, तीन दगडी स्तंभ एकमेकांकडे झुकलेले. साम्राज्यवादाशी लढलेल्यांची आठवण म्हणून. ते योग्यच आहे. पण १८८० च्या दशकात पत्र लिहिणाऱ्या त्या करदात्यांचं म्हणणंही कोणी तिथे कोरायला हवं होतं, असं मला वाटतं. ते लढाईबद्दल नव्हतं. ते एवढंच विचारत होते की तुम्ही 'सार्वजनिक' हा शब्द वापरता, तो मनापासून वापरता का?

हा प्रश्न ब्रिटिश नगरपरिषदेला विचारला गेला. तिकीट लावणाऱ्या गणराज्याला विचारता येतो. तिकीट काढून टाकणाऱ्या, पण अर्ज परत करणाऱ्या सरकारलाही विचारता येतो. सरकार कुठलंही असो, प्रश्न शिळा होत नाही. मेन्शियसने राजाला बाग मोठी कर असं सांगितलं नव्हतं. बाग तेवढीच ठेवून ती लहान वाटावी असं कर, असा त्याचा सल्ला होता. लोक जेव्हा म्हणतील की ही जागा आम्हाला पुरत नाही, तेव्हा समजावं की ती खरोखर त्यांची झाली.

आता तुमचे प्रश्न घेऊ.